न्यूट्रॉन ताऱ्यात क्वांटम गुरुत्व शोधण्यात अर्थ आहे का?

वक्ररेषा (धागाकर्ता): माझं मत, नाही. पीएसआर जे०७४०+६६२० हा पल्सार (नियमित स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) घ्या. वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.०८ पट, म्हणजे जीएम/सी² (वस्तुमान लांबीच्या एककात) ३.०७ किमी. त्रिज्या १२.४ किमी धरून तिच्या घनाने भागलं की वक्रता येते १.६ × १०^-९ प्रति चौ. मी. तिला प्लँक लांबीच्या (जिथे क्वांटम गुरुत्व प्रभावी ठरतं त्या अतिसूक्ष्म लांबीच्या) वर्गाने गुणा: ४ × १०^-७९. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाला क्वांटम दुरुस्ती एवढीशीच. अशी दुरुस्ती म्हणून मांडल्या जाणाऱ्या 'आर-वर्ग' गुरुत्वात (आर, म्हणजे वक्रता, अधिक अल्फा या गुणांकाने गुणलेला आर-वर्ग) ताऱ्याची त्रिज्या हलवायला अल्फा १०^५ चौ. मी.च्या घरात लागतो. पीळ-तुलेचे (तारेच्या पिळावरून सूक्ष्म गुरुत्वबल मोजणारे) प्रयोग त्याला १०^-९च्या वर जाऊ देत नाहीत. १४ घातांची तफावत असताना याला 'क्वांटम' म्हणायचं कसं?

घनगर्भ: नावाबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. अल्फा १०^५ असेल तर आर-वर्ग पदातून येणाऱ्या नव्या बलाचा पल्ला √(६ अल्फा), म्हणजे सुमारे ७७५ मीटर. पीळ-तुला मायक्रॉनांत मोजते, तेही विरळ जागी. हे बल वाहणाऱ्या अदिश (दिशा नसलेल्या) क्षेत्राचं वस्तुमान, ज्यावर पल्ला ठरतो, घनतेनुसार बदलत असेल, तर तिथली मर्यादा ताऱ्याच्या गाभ्याला लावता येत नाही.

वक्ररेषा: पण तुम्ही म्हणता तसं घनतेनुसार बदलणं निव्वळ आर-वर्गात नाहीच, तिथे ते वस्तुमान स्थिर असतं. त्यासाठी वेगळं फलन लिहावं लागेल, आणि मग ते लिहूनच वाद घाला.

टीओव्हीकर: गणिताची एक चूक वारंवार दिसते, ती आधी टाळा. आर-वर्गात दाब शून्य झाला तिथे वक्रता शून्य होत नाही, बाहेर हळूहळू विरते. पृष्ठभागावरच श्वार्त्झशिल्ड उकल (गोल वस्तूबाहेरच्या रिकाम्या जागेसाठी आइन्स्टाइनच्या समीकरणांची उकल) जोडली की वस्तुमान चुकतं. केंद्रातली वक्रता अंदाजाने धरा, पृष्ठभाग ओलांडून बरंच दूर समाकलन करा, आणि अनंताशी वक्रता शून्याकडे जाईपर्यंत तो अंदाज सुधारत राहा. अल्फा लहान मानून केलेल्या विक्षोभी गणिताने काही वेळा वस्तुमानातल्या बदलाची दिशाच उलटी दिली आहे! शिवाय अवस्था समीकरण (ताऱ्यातल्या दाब-घनतेचं नातं) बदललं तरी त्रिज्या किलोमीटरभर सरकते, मग दोष कुणाचा ते कसं ठरवणार?

निर्वात: सगळे वक्रतेवरच अडलात. निर्वाताचं ध्रुवीकरण (रिकाम्या जागेतल्या क्वांटम क्षेत्रांवर गुरुत्वाचा परिणाम) वक्रतेवरच नाही, ताम्रसृतीवरही (गुरुत्वामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढण्यावरही) अवलंबून असतं. बोलवेअर निर्वातात (स्थिर ताऱ्याभोवतीच्या क्वांटम निर्वात-अवस्थेत) पृष्ठभाग श्वार्त्झशिल्ड त्रिज्येला (आरएस; तेवढं आकुंचन झालं की कृष्णविवर) टेकू लागला की निर्वाताची ऊर्जा (१ − आरएस/आर)च्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते; इथे आर म्हणजे ताऱ्याची त्रिज्या. दुरुस्ती शोधायची ती तिथे.

वक्ररेषा: हे मान्य. पण या पल्सारला आरएस/आर ०.५, म्हणजे वाढ फक्त चौपट. बुखडालची मर्यादा (स्थिर ताऱ्यात या गुणोत्तराची कमाल) ८/९, तिथेही ८१ पटच. १०^-७९ला ८१ने गुणून काय हाती लागतं?

निर्वात: न्यूट्रॉन ताऱ्यात काहीच नाही, हे खरं. माझा दावा त्या मर्यादेपलीकडच्या वस्तूंपुरता आहे, त्यांचा धागा वेगळा काढतो.