अजब बंगला आणि लहान मुले

पहिली-दुसरीची मुले संग्रहालयात नुसती धावतात, त्यांना आताच नेऊ नये, हे काही जणांचे मत मला पटत नाही. मुले धावतात, कारण एका सकाळी सगळी दालने उरकण्याची घाई मोठ्यांनाच असते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेला आपला अजब बंगला, पेंढा भरलेल्या प्राण्यांपासून नाणी, शस्त्रे आणि शिल्पांपर्यंत इतका पसरलेला आहे की सहा वर्षांच्या मुलाला एका भेटीत एक दालन पुरे. नातवाला मी तसेच नेले. पहिल्या वेळी आम्ही फक्त पक्षी पाहिले.

विशेषतः शिलालेखांसमोरून मुलांना घाईने पुढे ढकलू नये, अशी माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. या संग्रहालयातील माळव्याच्या परमार राजांच्या, इ. स. ११०४-०५ मधील शिलालेखाची भाषा संस्कृत असली, तरी लिपी नागरी, म्हणजे आपल्या देवनागरीचे जुने रूप, आहे. त्यामुळे नुकतीच मुळाक्षरे शिकलेल्या मुलाला त्या दगडावर, किंवा निदान त्याच्या छायाचित्रावर, ओळखीची अक्षरे शोधायला सांगता येते. माहितीपत्रक पाठ करून घेण्यापेक्षा कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी. मूल जे अक्षर उतरवून आणील, त्यावरच दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावे.