६२ चाकूंवरून १५ वर यायचंय: काय ठेवावं, काय काढावं?

मूठपातं:
संग्रहात ६२ चाकू आहेत. साधारण ४० घडीचे, बाकीचे म्यानातले. आधी पोलादाच्या प्रकारांनुसार जमवले: १०९५, डी२, १५४सीएम, व्हीजी-१०, १४सी२८एन, एस३०व्ही. मग लॉकनुसार, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडकवणाऱ्या यंत्रणेनुसार: लायनर लॉक, फ्रेम लॉक, बॅक लॉक. शेवटी जुन्या, लॉक नसलेल्या, नुसत्या स्प्रिंगवर चालणाऱ्या चाकूंची भर पडली. आता सगळ्यांचं तेलपाणी वेळेवर होत नाही आणि १०९५ च्या दोन पात्यांवर लाल ठिपके दिसू लागलेत. १५ च्या आसपास ठेवायचे आहेत. निवड कशी करावी? विकायच्या चाकूंना आधी धार आणि पॉलिश करून घ्यावं का?

पोलादी:
आधी यादी करा, निवड नंतर. प्रत्येक चाकूची एक ओळ: बनवणारा, मॉडेल, पोलाद, लॉक, पात्याची लांबी, मुठीचं साहित्य, मूळ खोका आणि कागद आहेत का, कारखान्याची धार शाबूत आहे की पुन्हा लावलेली, दोष. शेवटचे दोन रकाने कंटाळवाणे आहेत, पण विकताना सगळे प्रश्न तिथेच येतात. त्यामुळे भिंगाखाली बघूनच भरा.

मग गट पाडा, आणि ते कामानुसार पाडा: खिशात रोज बाळगायचा, लाकूडकामाचा, मैदानी, जुना कारागिरीचा, अभ्यासाचा नमुना. पोलादानुसार गट पाडलेत तर काहीच कमी होणार नाही, कारण प्रत्येक पोलादाचा प्रतिनिधी ठेवावासा वाटेल. खरं तर एस३०व्ही आणि १५४सीएम यांच्यातला फरक हातात कळण्याआधी पात्याची भूमिती कळते. धारेच्या अगदी मागे पातं ०.४ मिमी जाड आहे की ०.८ मिमी, यावर कापणं जितकं बदलतं तितकं या दोन पोलादांमुळे बदलत नाही. तेव्हा व्हर्नियरने ती जाडी मोजा आणि यादीत लिहा. एकाच लांबीचे, एकाच जाडीचे तीन चाकू निघाले तर पोलाद वेगळं असूनही ते एकच चाकू आहेत असं धरा.

६२ मधून १५ निवडायला बसलात तर डोकं चालणार नाही. गटातले दोन-दोन समोर ठेवा आणि फक्त एवढंच ठरवा की या दोघांतला कोणता जाईल. जिंकलेल्यासमोर पुढचा आणा. लॉकच्या नमुन्यांना मात्र हा नियम लावू नका. लायनर, फ्रेम आणि बॅक यांचा एकेक चांगला नमुना ठेवावा, कारण ती यंत्रणा शेजारी-शेजारी ठेवूनच समजते.

एक रचना सुचवतो: आकडा आधीच ठरलेली मालिका. ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूचे आकार १८९७ मध्ये १ ते १२ असे ठरले आणि १९३५ मध्ये १ आणि ११ बंद झाले. मुठीवरची फिरती लॉकिंग रिंग १९५५ मध्ये आली. म्हणजे ‘२ ते १० आणि १२, शिवाय एक रिंगपूर्व काळातला’ एवढं म्हटलं की संग्रहाची हद्द आखली जाते. नुसतं ‘चांगले घडीचे चाकू’ म्हटलं तर संग्रहाला कधीच शेवट नाही, आणि तुमचे ६२ तसेच झालेले दिसतात.

रेशीमधार:
पोलादींशी सहमत. जुन्या स्प्रिंगवाल्यांबद्दल थोडं तपशिलात लिहितो, कारण तिथे चूक महाग पडते.

पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेला शिक्का वाचा. केस (Case) या अमेरिकन कंपनीच्या चाकूंवर १९७० पासून शिक्क्याखाली ठिपके आहेत: १९७० ला दहा, मग दरवर्षी एक कमी, १९७९ ला एक. १९८० ला पुन्हा दहापासून सुरुवात झाली, पण नावातल्या एस अक्षराचा आकार विजेसारखा तिरका केला, म्हणून दोन दशकं वेगळी ओळखता येतात. ठिपके मोजण्यासाठी शिक्का घासून ‘उजळवू’ नका, तिरप्या प्रकाशात बघा.

मग पातं पूर्ण आहे का ते बघा. बरीच धार लावलेलं पातं अरुंद होतं, आणि बुडाशी, जिथे दगड नीट पोचत नाही तिथे, खाच पडते. टोकाकडची गोलाई सपाट झालेली असते. त्याच मॉडेलच्या न वापरलेल्या चाकूच्या छायाचित्राशी रुंदी ताडून बघा. नंतर पातं अर्धं उघडून सावकाश सोडा. स्प्रिंग चांगली असेल तर उघडताना आणि मिटताना स्पष्ट ‘टक’ येतो आणि पूर्ण उघडल्यावर पाठीकडे स्प्रिंग व पातं एका रेषेत बसतात. स्प्रिंग खाली दबलेली किंवा वर आलेली असेल तर ते दोष म्हणून लिहा.

लॉकवाल्यांची तपासणी वेगळी. पातं उघडून टोकाजवळ चिमटीत धरा. डावी-उजवीकडे हललं तर पिव्होट, म्हणजे पातं ज्याभोवती फिरतं तो आस, सैल आहे किंवा वॉशर झिजलाय. स्क्रू एक अष्टमांश फेरा आवळला की बहुधा बसतं. वर-खाली हललं तर लॉकचा पृष्ठभाग झिजलाय, आणि तो स्क्रूने सुटत नाही. लायनर किंवा फ्रेम लॉकमध्ये पातं अडवणारी पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत सरकलेली असावी. पार पलीकडच्या बाजूला टेकली असेल तर झीज शेवटच्या टप्प्यात आहे. चाकूची पाठ टेबलावर आपटून लॉकची परीक्षा घ्यायची पद्धत सोडून द्या, त्यात चांगला लॉकही बिघडतो. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून अंगठ्याने पाठीवर हळूहळू जोर दिला की पुरतं.

म्यानातला:
विकण्याआधी पॉलिश? अजिबात नको. बफिंग चाकावर तीन गोष्टी एकदम बिघडतात. शिक्क्याच्या कडा गोल होतात, पीसताना पडलेल्या मूळ रेषा जातात, आणि पातळ धार तापून तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. १०९५ सारखं साधं कार्बन पोलाद २०० अंशांच्या पुढे गेलं की नरमायला लागतं आणि धारेचा काठ चाकावर तिथवर काही सेकंदांत पोचतो. रंग बदललेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

करडा-काळा थर पातं राखतो, तो तसाच ठेवा. लाल गंज मात्र काढलाच पाहिजे. पातळ मिनरल ऑइलचा थेंब ठिपक्यावर रात्रभर ठेवा, सकाळी बांबूच्या काडीने किंवा पितळेच्या बोथट कडेने खरवडा, पुसा, गरज पडली तर पुन्हा. खाली खड्डा निघाला तर तो घासून सपाट करू नका.

आणि ते दोन १०९५ चामड्याच्या म्यानात ठेवलेत का? तसं असेल तर ठिपक्यांचं कारण तेच. कमावलेलं चामडं ओल धरतं, त्यात क्षार आणि आम्लं उरलेली असतात, पितळी बटणांवर हिरवं चढतं तेही त्यामुळेच. म्यान वेगळं, पातं वेगळं ठेवा. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. खाण्याचं तेल लावू नका, काही महिन्यांत चिकट होतं. पेटीत सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५० टक्क्यांवर असावा. ४० च्या खाली नेऊ नका, हाडाच्या आणि शिंगाच्या मुठी आकसून रिवेटपाशी तडकतात.

पोलादी:
पॉलिशबद्दल पूर्ण मान्य, धारेबद्दल थोडा वेगळा विचार. संग्राहकाकडे जाणाऱ्या चाकूची कारखान्याची धार बोथट असली तरी तशीच जाऊ द्या. पण ज्यांचं मोल वापरण्यातच आहे, म्हणजे डी२ आणि १४सी२८एन चे साधे घडीचे, त्यांना दर बाजूला १७ ते २० अंशांची नीट धार लावूनच विका, आणि ‘पुन्हा धार लावलेली’ असं जाहिरातीत स्पष्ट लिहा. हे तीन-चारच्या जुड्यांत काढले तर लवकर जातात. किंमत ठरवताना मागितलेले भाव बघू नका, प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे बघा.

मूठपातं:
म्यानाचा अंदाज बरोबर निघाला, दोन्ही चामड्यातच होते. आता यादी करताना आणखी एक दिसलं. पिवळसर, अर्धपारदर्शक मुठीच्या एका जुन्या चाकूला कापरासारखा वास येतो. मुठीत बारीक जाळीदार भेगा आहेत आणि त्याच खणातल्या शेजारच्या तीन पात्यांवर गंज आहे. बाकी खणांत काही नाही.

रेशीमधार:
तो चाकू आजच वेगळा काढा. मूठ सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते जुनं होऊन विघटित होऊ लागलं की नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात, हवेतल्या ओलीशी मिळून नायट्रिक आम्ल होतं आणि तेच शेजारची पाती खातं. एकदा भेगा पडल्या की ही प्रक्रिया मागे फिरत नाही, फक्त मंदावता येते.

हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, वायू आत कोंडला की विघटन उलट वाढतं. थंड, हवेशीर जागी, उघड्या कागदी खोक्यात, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा. हा पदार्थ सहज पेट घेतो. तापलेली सुई टोचून ओळखायची युक्ती काही ठिकाणी सांगतात, ती करू नका. अंगठ्याने जोरात चोळून कापराचा वास आला की ओळख पटली. तो खण पुसून काही दिवस उघडा ठेवा, शेजारच्या तिन्ही पात्यांवर तेलाचा हात द्या आणि बाकीच्या जुन्या पिवळ्या, कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या किंवा मोतिया रंगाच्या मुठी एकेक करून चोळून बघा. हा चाकू विकलात तर मुठीची अवस्था लपवू नका.

म्यानातला:
जाहिरातीसाठी सहा छायाचित्रं लागतात: दोन्ही बाजू, पाठ, धार, शिक्का, आणि मिटलेल्या स्थितीत वरून, म्हणजे पातं मध्यावर बसतं का ते दिसतं. दोषाचं जवळून एक वेगळं. पाठवताना घडीचा चाकू मिटून कागदात गुंडाळा, रबरबँड नको, रबरातल्या गंधकाने चांदीचे आणि पितळेचे भाग काळवंडतात. म्यानातल्याला जाड पुठ्ठ्याची दुमडलेली खोळ करा आणि टोकाशी पुठ्ठ्याचे दोन-तीन थर जास्त द्या, कारण वाटेत खोकं आपटलं की टोकच आधी बाहेर येतं. म्यान सोबत वेगळं. मूठ हस्तिदंती असेल तर व्यवहाराआधी आणि सीमेपार पाठवण्याआधी कायदा तपासा, आफ्रिकन हत्तीच्या दंतावरची आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी १९९० पासून आहे. बटण दाबून आपोआप उघडणाऱ्यांचंही तसंच, नियम जागोजागी वेगळे आहेत.