सौरघटातील पेरोव्स्काइट (प्रकाश शोषणारा स्फटिकी थर) आणि सी-६० (६० कार्बन अणूंच्या रेणूंचा, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर) यांच्या सीमेवर व्होल्टेज गळते आहे. कोणते मापन करावे?

मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटच्या थराची प्रकाशदीप्ती (प्रकाश पडल्यावर त्याने स्वतः दिलेला प्रकाश) चांगली आहे, पण त्यावर सी-६० चढवला की ती एकदम उतरते आणि घटाचे व्होल्टेजही कमी भरते, म्हणून दोष या दोन थरांच्या सीमेवर असावा असा माझा कयास आहे. एक्सपीएस आणि यूपीएस (अनुक्रमे क्ष-किरण आणि अतिनील किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या) या यंत्रांवर मला दोनच दिवस मिळाले आहेत. तयार घट नेऊन आर्गॉन आयनांनी वरचे थर खरवडत सीमेपर्यंत जावे का?

प्रतिसाद १
खरवडू नये, असे आग्रहाने सांगतो. आयनांच्या माऱ्याने आयोडाइड मोडते आणि धातुरूप शिसे तयार होते. मग १३७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसणारे धातुरूप शिशाचे शिखर नमुन्यातले की आपणच निर्माण केलेले, हे ठरवता येत नाही. न खरवडताही सीमा दिसणार नाही, कारण नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम क्ष-किरण स्रोताने पृष्ठभागापासून जेमतेम १० नॅनोमीटरपर्यंतचेच कळते आणि घटातला सी-६० सहसा त्याहून जाड असतो. त्यापेक्षा सीमा टप्प्याटप्प्याने उभारावी: आधी उघडा पेरोव्स्काइट मोजावा, मग अर्धा, १, २, ५ आणि १० नॅनोमीटर सी-६० चढवत प्रत्येक वेळी मोजावे. शिशाची रेषा (एक्सपीएसमधले त्याचे शिखर) सरकली तर पेरोव्स्काइटमधील पट्टे (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या) वाकले असे समजावे. ती जागेवर राहून केवळ वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) बदलले, तर सीमेवर द्विध्रुव (समोरासमोरचे धन आणि ऋण भार) तयार झाला असण्याची शक्यता अधिक. शिशाचा संकेत घातांकी नियमाने न घटता रेंगाळला, तर सी-६० सलग न बसता बेटांसारखा बसला आहे असा संशय घ्यावा.

प्रतिसाद २
यूपीएसचा आलेख लॉगरिदमिक मापावरही काढावा. पेरोव्स्काइटच्या संयुजा पट्ट्याच्या (भरलेल्या पातळ्यांच्या सर्वांत वरच्या पट्ट्याच्या) कडेला अवस्था इतक्या विरळ असतात की रेषीय मापावर ती कड खऱ्यापेक्षा खोल भासते. शिवाय यूपीएस फक्त भरलेल्या पातळ्या दाखवते. इलेक्ट्रॉन ज्या रिकाम्या पातळीत जातो, तिच्यासाठी व्युत्क्रम प्रकाशउत्सर्जन (इलेक्ट्रॉन टाकून बाहेर पडणारा प्रकाश मोजणे) लागते. भरलेल्या पातळीच्या ऊर्जेत नुसती प्रकाशीय पट्टफट (प्रकाशशोषणावरून काढलेले दोन्ही पातळ्यांतील अंतर) मिळवून ती रिकामी पातळी काढल्यास सी-६० च्या बाबतीत मोठी चूक होते.

प्रतिसाद ३
क्ष-किरणांखालीही शिसे सुटते. पहिले आणि शेवटचे मापन एकाच रेषेचे घेऊन ताडून पाहावे. तयार घटातलीच सीमा पाहायची झाल्यास अधिक ऊर्जेचे क्ष-किरण हवेत. इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावर) तशी सोय आहे. आपल्या यंत्राला सी-६० चढवण्यासाठी बाष्पीभवनाचा कक्ष जोडलेला आहे का?

मूळ प्रश्नकर्ता
कक्ष नाही. त्यामुळे ग्लोव्हबॉक्समध्ये (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत) एकाच खेपेच्या पेरोव्स्काइटवर वेगवेगळ्या जाडीचे नमुने करून ते हवाबंद पात्रातून नेतो, आणि उघडा नमुना दोन्ही दिवशी मोजतो.