धामणीच्या कातडीखालून पांढऱ्या फिती निघाल्या, कुत्र्यानं दोन गिळल्या. काय करू?

बेसावाला
राजेहो, कालचा प्रकार सांगतो. रात्रभर पाऊस होता. आमच्या बेसा रोडच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटांत गुडघाभर पाणी, बेडकांनी झोपू दिलं नाही. सकाळी शेरूला फिरवायला काढलं तर कोपऱ्यावर धामण मरून पडलेली, सहज माझ्याएवढी लांब. टँकरचं चाक गेलं असावं, मधोमध कातडी फाटली होती.

काठीनं बाजूला सारायला गेलो तर कातडी अन् मांसाच्या मधून पांढरं काहीतरी लोंबत होतं. वाटलं, नस असेल. उचललं तर हळूच आखडलं! शेवईसारखं, पण चपटं, सुरकुतलेलं, डोकं कुठलं नि शेपूट कुठलं कळेना. असे सात-आठ निघाले, सगळ्यात मोठा वीतभर. मी वाकून बघत होतो तेवढ्यात शेरूनं तोंड घातलं अन् दोन गिळले.

बायको म्हणते ती सापाची पिल्लं होती. काय होती ती? शेरूला काही होईल का? आणि मी नंतर हातानंही उचलून पाहिलं, हसू नका.

तर्रीपोहा
वहिनींना सांगा, धामण अंडी घालते, पिल्लं नाही. पोटातले जंत असतील, लहान पोरांना होतात तसे. अल्बेंडाझोलची एक गोळी द्या, विषय संपला.

जुना अटेंडंट
तर्रीपोहा भाऊ, जरा दमानं. कातडीखाली होते असं ते लिहिताहेत, सगळी गोम तिथंच आहे. पोटातला जंत कातडीखाली कशाला येईल?

मी इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. तुम्ही पाहिलं ते स्पार्गानम, म्हणजे स्पायरोमेट्रा नावाच्या पट्टकृमीची (फितीसारख्या चपट्या जंताची) अळी. हा कृमी मोठा होतो तो कुत्र्या-मांजराच्या आतड्यात. अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, तिथं त्यातून बारीक अळी निघते, ती सायक्लोप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव गिळतो. (सायक्लोप्स आठवतो का? नारूच्या वेळी पाणी कपड्यानं गाळून प्या म्हणायचे, ते त्याच्यासाठीच. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, पण सायक्लोप्स काही कुठं गेला नाही.) त्याला बेडकाचं पिल्लू गिळतं, बेडकाला धामण. सापाच्या पोटात ही अळी मोठी होत नाही, आतड्याची भिंत फोडून मांसात, कातडीखाली जाऊन वाट बघत बसते. तुमच्या धामणीनं जन्मभर त्या डबक्यातले बेडूक खाल्ले, त्याचा हिशेब तिच्या कातडीखाली जमा होता. ती रोगट होती असं नाही, चाकाखाली आली एवढंच.

बेडकाचं म्हणाल तर आमच्याकडे जुलैत गोणपाटात बेडूक यायचे. २०१४ला विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन बंद केलं, त्याआधीची गोष्ट. पोरं मोठं आतडं कापून ओपॅलिना हा त्यातला सूक्ष्म जीव बघायची, ते अभ्यासक्रमात होतं. मी मात्र खडबडीत कातडीच्या बेडकाचं फुप्फुस उजेडासमोर धरायचो. पातळ पिशवीत काळे दोरे वळवळताना दिसायचे, बोटाच्या पेराएवढेही नसत. रॅब्डियास नावाचे कृमी. काळे, कारण पोटात बेडकाचं रक्त. फुप्फुसात त्यांच्यात नर नसतोच, प्रत्येक जण अंडी घालतो. अंडी श्वासनलिकेतून वर, तिथून गिळून खाली, मग विष्ठेबरोबर ओल्या मातीत. पुढची अळी कातडी भेदून नव्या बेडकात शिरते. बेडूक टुणटुणीत असायचा हो, आमच्या टेबलावर येईपर्यंत.

सापाच्या फुप्फुसात कधी स्क्रूसारखे आटे असलेला प्राणी मिळतो. सगळे कृमीच म्हणतात, पण तो खेकड्या-झिंग्याच्या गणगोतातला.

आता तुमचा हात. माणसाला ही अळी मिळते ती सायक्लोप्सवालं पाणी प्यायल्यानं, नाहीतर कच्चा बेडूक-साप खाल्ल्यानं. आशियात काही ठिकाणी बेडकाचं कच्चं मांस डोळ्यावर वा जखमेवर बांधतात, त्यातूनही ती आत सरकते. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरनं १८८२ साली चीनमधल्या अमॉयला शवविच्छेदनात ती पहिल्यांदा माणसात पाहिली. तुमच्या हाताला जखम नसेल, साबणानं धुतला असेल, तर निवांत झोपा. पुढं कुठं गाठ आली, सरकल्यासारखी वाटली, तर मात्र डॉक्टरला धामणीची गोष्ट सांगा.

गुरांचा डॉक्टर
काकांनी सगळं सांगितलं, औषधाचं मी सांगतो. यात अल्बेंडाझोलवर विसंबू नका. पट्टकृमीला प्राझिक्वांटेल लागतं, आणि स्पायरोमेट्राला नेहमीच्या मात्रेनं भागत नाही. शेरूचं वजन करून जवळच्या पशुवैद्याकडूनच मात्रा ठरवा. दोन-तीन आठवड्यांनी विष्ठा तपासून घ्या, अंडी असतील तर दिसतील. त्याच्यापासून घरच्यांना थेट धोका नाही, अंड्यांना आधी पाणी आणि सायक्लोप्स लागतो. फक्त विष्ठा त्या प्लॉटच्या पाण्यात जाऊ देऊ नका.

बेसावाला
हात धुतला होता, जखम नव्हती. पहिल्या डॉक्टरनं तर ऐकूनच घेतलं नाही, म्हणे कुत्री काहीही खातात. आज दुसऱ्याकडं जातो, शेरूचं वजन तेवीस किलो भरलं. आणि काका, एक फीत मी स्पिरिटमध्ये घालून ठेवली आहे, तुम्हाला दाखवायला आणू का? लवकर सांगा, बायकोनं लोणच्याची बरणी ओळखली आहे.