क्लिंकर कमी करावा की इंधन बदलावं?

कॅल्सायनर (प्रश्न): आमच्या सिमेंट कारखान्यात प्रीहीटर-प्रीकॅल्सायनर भट्टी (कच्चा माल आधीच तापवून, बराचसा भाजून घेणारी) आहे, क्लिंकरच्या (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) टनाला ३.३ गिगाज्यूल उष्णता लागते, इंधन कोळसा. कार्बन डायऑक्साइड कमी करायला वरून आग्रह आहे पर्यायी इंधन २०% वर न्यायचा. त्यापेक्षा एलसी३ हे कमी क्लिंकरचं सिमेंट बरं नाही का? म्हणजे ५०% क्लिंकर, ३०% भाजलेली माती, १५% चुनखडी, ५% जिप्सम. पण लॅबमधल्या मिश्रणाला पाणी फार लागतंय आणि १ दिवसाची ताकद साध्या सिमेंटच्या निम्मीही येत नाही.

भट्टीवाला: आधी हिशेब. क्लिंकरमध्ये साधारण ६५% कॅल्शियम ऑक्साइड असतं. ते चुनखडीतून सुटताना टनाला ५१० किलो कार्बन डायऑक्साइड निघणारच, खाली काहीही जाळा. कोळशाचे ३१० किलो वेगळे. २०% उष्णता निव्वळ बायोमासमधून आली तरी वाचतात साठेक किलो. प्लास्टिक घातलंत तर तेवढेही नाहीत, वर क्लोरीनची डोकेदुखी: ते भट्टीत वाफ होऊन वर चढतं, अल्कलीबरोबर प्रीहीटरच्या खालच्या सायक्लोनपाशी (वायूतून भुकटी वेगळी करणारा शंकू) धरतं आणि पाइप तुंबतो. बायपास (क्लोरीनवाला वायू बाहेर काढायची वाट) नसेल तर जपून.

एलसी३ मध्ये क्लिंकरचे ४१० आणि माती भाजण्याचे ७०-८० धरा, टन सिमेंटला ४९० च्या आसपास. ९५% क्लिंकरच्या सिमेंटचे ७८०. वीज दोन्हीकडे सोडली आहे. सरळ फरक आहे.

दळण: पाण्याचं म्हणाल तर पहिला संशय कच्च्या राहिलेल्या मातीवर. मातीचा टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं त्याची चाचणी) काढलाय का, भाजण्यापूर्वीचा आणि नंतरचा?

कॅल्सायनर: ४०० ते ६०० अंशांदरम्यान कच्च्या मातीत ६.५% घट, भाजलेलीत १.८%. मूस काठोकाठ भरून ७५० अंशांवर १ तास ठेवली होती.

दळण: सापडलं. शुद्ध केओलिनाइट (मातीतलं कामाचं खनिज) १४% पाणी सोडतं, म्हणजे तुमच्या मातीत ते ४६% आहे. ४०% च्या वर असलं की चालतं, माती चांगली आहे. पण त्यातलं पाव भागाहून जास्त कच्चंच राहिलंय. भरलेल्या मुशीत बाहेरची माती भाजते, गाभा नाही. ताटलीत १ सेंमी थर पसरा, ८०० अंश, १ तास. टीजीएमधली ४०० ते ६०० अंशांची ती घट जाईपर्यंत. ९०० च्या पुढे मात्र नेऊ नका, रचना पुन्हा स्फटिकरूप होऊ लागते आणि क्रियाशीलता जाते.

दुसरं, सगळं एकत्र दळलंत ना? माती मऊ, ती पीठ होते आणि क्लिंकर भरड राहतो. १ दिवसाची ताकद तिथेच जाते. क्लिंकर वेगळा दळा.

सल्फेट: जिप्समही तपासा. माती अ‍ॅल्युमिना आणते, बारीक दळल्यावर सल्फेट लवकर संपतं. कॅलरीमीटरच्या (सिमेंट पाण्यात मिसळल्यावर निघणारी उष्णता मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात अ‍ॅल्युमिनेटचं शिखर सिलिकेटच्या मुख्य शिखरानंतर, वेगळं दिसायला हवं. आधी आलं किंवा त्यात मिसळलं तर जिप्सम अर्धा-अर्धा टक्का वाढवत न्या.

एवढं करूनही १ दिवसाची ताकद कमीच राहील, क्लिंकरच अर्धा आहे. ७ दिवसांनंतर बरोबरीला येतं. पाण्यासाठी पीसीई (पाणी कमी लागावं म्हणून घालायचं रसायन) थोडं जास्त लागेल, ते खर्चात धरा. क्लोराइडला हे काँक्रीट छान टिकतं, कार्बोनेशनला (हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरण्याला) साध्यापेक्षा कमी, तेव्हा क्युअरिंगमध्ये काटकसर नको.

भट्टीवाला: आणि चुनखडीला भट्टीच्या दर्जाचा दगड वाया घालवू नका, डोलोमाइट असलेला टाकाऊही चालतो. फक्त त्यात चिकणमाती नको, नाहीतर पाणी पुन्हा वाढलंच.