प्रतिसाद: बीपीचं मशीन आणि सैंधव

वर एकांनी लिहिलंय की घरचं मशीन दर वेळी वेगळाच आकडा दाखवतं म्हणून ते कपाटात टाकलं. आमच्याकडेही तेच चाललं होतं. मग एकदा आई बीपी कसं मोजते ते नीट पाहिलं. ओट्याजवळून उठून आली, स्टुलावर बसली, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि मशीन फुगत असताना मला भाजीचे भाव सांगत होती! आकडा १५८/९४. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, उघडा दंड टेबलावर छातीच्या पातळीत ठेवून, न बोलता मोजलं तर १४०/८६. मशीन बिचारं ठीकच होतं. आता मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितो. डॉक्टरांना ते पानच दाखवतो. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर ती जास्तच धरतात, एवढं लक्षात असू द्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. मिश्रीसुद्धा त्यात आलीच.

बीपी असेल तर साध्या मिठाऐवजी सैंधव चालतं, या मताशी मात्र असहमत. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे साध्या मिठात असतं तेच. मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. त्यात लोणचं, फरसाण आणि पापड (पापडखारातही सोडियम असतं) सगळं धरायचं.

आणि आकडा उतरला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका हो. तो गोळीमुळेच उतरलेला असतो.