वडिलांच्या दाढेचं रूट कॅनल: स्पेशालिस्टकडूनच करायला हवं का?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. वडील ६९ वर्षांचे आहेत. खालच्या डाव्या बाजूची मोठी दाढ महिनाभर त्रास देतेय. आधी गार पाण्याने सळक यायची, मग चहाने. गेल्या आठवड्यात तर रात्री आपोआप ठणकायला लागली. गाल धरून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. आमच्या सेक्टरमधल्या डेंटिस्टनी एक्सरे काढला आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचल्याचं सांगितलं. रूट कॅनल करावं लागेल, पण ते स्वतः करणार नाहीत. त्यांच्याकडे शनिवारी स्पेशालिस्ट येतात, ते करतील. खर्च साडेसात हजार, कॅपचे पैसे वेगळे.

आता झालंय असं की परवापासून ठणका पूर्ण थांबलाय. बाबा म्हणतात, बरं वाटतंय, आता काही नको. आत्याचं म्हणणं, या वयात कशाला उपद्व्याप, सरळ काढून टाका. शेजारचे म्हणतात, दाढ काढली की नजरेवर परिणाम होतो. त्यात बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत आणि शुगरही आहे.

ठणका थांबला असेल तर रूट कॅनल खरंच लागतं का? स्पेशालिस्टच हवेत का? गोळ्या बंद कराव्या लागतात का? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा. शनिवार जवळ आलाय.

मीनल_कळवा
खर्चाची अडचण असेल तर डेंटल कॉलेजचा विचार करा. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे अशा बऱ्याच ठिकाणी आहेत. ऐरोलीहून नेरूळला थेट लोकल मिळते. माझ्या सासूबाईंचं तिथेच केलं. एमडीएस (बीडीएसनंतरचं स्पेशालिस्टचं शिक्षण) करणारे विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्प्यावर वरचे सर येऊन बघून जातात. खर्च बाहेरपेक्षा बराच कमी आला. वेळ मात्र हाताशी ठेवा, फेऱ्या जास्त होतात आणि सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. सासूबाईंची दाढ आजही छान आहे, भाकरी चावून खातात.

घोडबंदर_जोशी
मला असंच झालं होतं. अँटिबायोटिकचा कोर्स केला, थांबलं. वर्ष होत आलं, दाढ आहे तशीच आहे. उगाच घाई करू नका असं माझं मत.

डॉ_एंडो_नौपाडा
मी एंडोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे रूट कॅनल याच विषयातली एमडीएस. नौपाड्यात माझा दवाखाना आहे आणि कोपरखैरणे, वाशी या बाजूला व्हिजिटिंगला जाते. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. कारण "ठणका थांबला, आता नको" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि वाचण्यासारख्या जितक्या दाढा हातच्या जातात त्यातल्या पुष्कळशा या वाक्यापायी जातात.

बाबांच्या दाढेत काय झालं असावं ते सांगते. दाताच्या पोटात नस असते, म्हणजे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गोळा. कीड तिथे पोचली की नस सुजते. पण चहूबाजूंनी कठीण दात, सुजायला जागाच नाही, म्हणून तो भयंकर ठणका. रात्री आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून तेव्हा जास्त. मग एक दिवस दुखणं अचानक थांबतं. बहुतेक वेळा ते बरं झालं म्हणून थांबत नाही, नस मेली म्हणून थांबतं. जंतू आतच असतात. मुळाच्या टोकातून ते जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथलं हाड हळूहळू विरघळायला लागतं. हे महिनोन्महिने काहीही न दुखता चालू राहू शकतं. मग कधीतरी ऐन सणात किंवा प्रवासात गाल सुजून येतो.

हे नुसत्या अंदाजाने ठरवायचं नसतं. मी पेशंटला काय करते तर कापसाच्या बारीक बोळ्यावर गार स्प्रे मारते आणि तो आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावते. सांगते, झोंबलं की हात वर करा, थांबलं की खाली. हात वर जातो आणि दोन-तीन सेकंदांत खाली येतो. मग संशयित दाढ. हात वर गेला आणि पंधरा-वीस सेकंद खालीच आला नाही, कळ रेंगाळली, तर ती नस सहसा वाचत नाही. हात वरच गेला नाही तर बहुधा मेली. आधी चांगली दाढ तपासायची ती यासाठी की वयाप्रमाणे नस आक्रसत जाते आणि साठीनंतर चांगल्या दाढांनाही गार कमीच कळतं. त्यानंतर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून बघते, हिरडी दाबून बघते, आणि मग एक्सरे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. शनिवारी दाढेला हात लावण्याआधी ती होते का ते बघा. दुखणं कधी वरच्या दाढेचं असतं आणि पेशंटला ते खाली जाणवतं, त्यामुळे नेमकी दाढ ठरवणं हाच निम्मा उपचार आहे.

जोशीकाका, तुमचं बरं चाललंय याचा आनंद आहे, पण एक एक्सरे जरूर काढून घ्या. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच उरत नाही, मग रक्तातून जाणारं अँटिबायोटिक तिथे पोचणार कसं? आजूबाजूची सूज ते उतरवतं, मूळ जागा तशीच राहते. नुसत्या ठणक्यासाठी अँटिबायोटिक लागतही नाही. सूज पसरत असेल, ताप असेल, तेव्हा त्याचं काम.

स्पेशालिस्ट हवेत का? बीडीएस, म्हणजे दातांची मूळ पदवी घेतलेले डॉक्टर रूट कॅनल करू शकतात आणि पुष्कळ जण उत्तम करतात. पण बाबांच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांनी स्वतः न करता पुढे पाठवलं हे मला फार आवडलं. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा तीन कॅनल, म्हणजे मुळातल्या नसेच्या बारीक नळ्या असतात, कधी चार. त्याच साफ करून भरायच्या असतात. या वयात ते इतके अरुंद झालेले असतात की पहिली फाइल (कॅनल घासायची सुईसारखी कानस) टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच जाड असते, आणि तीही सहज शिरत नाही. वरच्या पहिल्या दाढेत तर चौथा कॅनल दाताच्याच एका कडेखाली दडलेला असतो. मायक्रोस्कोपखाली ती कडा थोडी थोडी खरवडली की मग बारीक ठिपका दिसतो. तो राहून गेला तर बाकीचे तीन कितीही सुंदर भरा, दाढ पुन्हा कुरकुरते. अरुंद, वाकडे कॅनल, आधी करून बिघडलेलं रूट कॅनल, आत तुटलेली फाइल, अशा वेळी स्पेशालिस्ट गाठावा.

आणि रबर डॅमबद्दल विचाराच. निळ्या-हिरव्या रबराचा पातळ पडदा असतो, त्याला भोक पाडून तो क्लॅम्पने दाढेवर बसवतात. तोंडात फक्त ती एक दाढ बाहेर दिसते. थुंकीतले जंतू आत जात नाहीत, धुवायला वापरतो ते सोडियम हायपोक्लोराइट घशात उतरत नाही, बारीक फाइल हातातून निसटली तरी पोटात जात नाही. १८६४ साली अमेरिकेतल्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या डेंटिस्टने ही युक्ती काढली. एवढी जुनी, एवढी स्वस्त गोष्ट, तरी कित्येक ठिकाणी वापरत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. खरं काम फाइलपेक्षा धुण्याने होतं, आणि डॅमशिवाय मनासारखं धुता येत नाही.

एका बैठकीत करावं की दोन-तीन, याची काळजी करू नका. पू येत असेल तर मध्ये औषध भरून थांबतात. बरं होण्यात त्याने फारसा फरक पडत नाही.

कॅपचं मात्र ठाम सांगते. मोठ्या दाढेला कॅप हवीच. किडीने आणि आत शिरायला केलेल्या वाटेने दाढ पोखरलेली असते, चावताना भिंती फाकतात. चीर मुळापर्यंत गेली की मग कोणीही ती वाचवू शकत नाही. पुढच्या दातांचं वेगळं आहे, तिथे बऱ्याचदा नुसतं भरून भागतं. वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की थुंकी आत झिरपते आणि सगळं केलेलं वाया जातं. दुखणं थांबलं म्हणून कॅपसाठी परत न आलेले पेशंट वर्षा-दीड वर्षाने अर्धी दाढ रुमालात गुंडाळून घेऊन येतात, तेव्हा फार जीव तुटतो. म्हणून रूट कॅनल, पक्कं फिलिंग आणि कॅप असा एकत्र खर्च आधीच विचारा. पैशांची सोय त्या आकड्याची करा.

डोळ्यांचं म्हणाल तर नजरेची नस वेगळी, दाताची वेगळी. दाढ काढण्याने दिसणं कमी होत नाही. पण काढलेल्या दाढेच्या जागी काही बसवलं नाही तर शेजारच्या दाढा कलंडतात आणि समोरची खाली-वर सरकते. मूळ धड असेल तर स्वतःची दाढ ठेवावी, या वयात तर जास्तच.

ऐरोलीकर
डॉक्टर, खूप खूप आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शनिवारी जायला तयार झालेत. त्यांचे तीन प्रश्न आहेत: गोळ्यांचं काय करायचं, भूल लागलीच नाही तर काय, आणि सुपारी चालेल का?

डॉ_एंडो_नौपाडा
बाबांना नमस्कार सांगा.

गोळ्या स्वतःहून अजिबात बंद करू नका. रूट कॅनलमध्ये रक्त जवळजवळ येतच नाही, आणि स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असताना गोळी थांबवण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी आणि अँजिओप्लास्टीचा कागद सोबत न्या, बीपी मोजायला सांगा. दुखलं तर घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. हृदयाच्या पेशंटना आणि या गोळ्यांसोबत ती जपून द्यावी लागतात. पॅरासिटामॉल सहसा चालते, तरी डोस शनिवारच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. शुगर असल्याने उपाशी नेऊ नका. नेहमीच्या वेळेला नाश्ता आणि गोळी, मगच खुर्चीत बसायचं.

खालची ठणकणारी दाढ बधिर व्हायला सगळ्यांत हट्टी, हे खरं आहे. ओठ जड झाला तरी कधीकधी दाढेला कळतं. तेव्हा बाबांनी सोसायचं नाही, डावा हात वर करायचा. दाढेच्या कडेने किंवा थेट नसेत आणखी थोडी भूल देता येते. दात-ओठ खाऊन सहन करणारे पेशंट मला अजिबात नको असतात. त्यांच्या अंगाच्या ताठरपणाने कामही नीट होत नाही. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुसणं नेहमीचं आहे. पण सूज वाढत गेली, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, हनुवटीखाली टणक लागलं तर रात्र असो की पहाट, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या. ती सूज श्वासनलिका दाबू शकते.

सुपारी बंद. त्या दाढेने तर नाहीच नाही, आणि कॅपनंतरही नाही. चिरलेल्या दाढा बघते त्यांत सुपारी फोडणारे खूप असतात. चावताना नाही पण चावून दाब सोडताना कळ येते का, हे बाबांना विचारून ठेवा. येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, चीर शोधावी लागेल. चीर मुळापर्यंत असली तर दाढ काढा असंच ते सांगतील, आणि ते बरोबरच असेल.

वैशाली_खारघर
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या वरच्या दाढेचं काही वर्षांपूर्वी रूट कॅनल आणि कॅप झालंय. दुखत काहीच नाही, पण हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, परत येते. मिठाच्या पाण्याने जाते म्हणून सोडून दिलं होतं.

डॉ_एंडो_नौपाडा
वैशालीताई, ती पुळी म्हणजे आतला पू बाहेर यायची वाट आहे. वाट मोकळी आहे म्हणूनच दुखत नाही. दाबून फोडू नका. एंडोडॉन्टिस्टना दाखवा. ते पुळीच्या भोकातून गटापर्चाची (कॅनल भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी सरकवून एक्सरे काढतील. काडीचं टोक ज्या मुळाशी पोचतं ते मूळ दोषी. त्यातून नीट कळलं नाही तर सीबीसीटी स्कॅन, म्हणजे दाताचा थ्रीडी एक्सरे सांगतील. वरची दाढ आहे, त्यामुळे राहून गेलेला चौथा कॅनल हा माझा पहिला संशय. पुन्हा उघडून, धुऊन, भरून अशा पुष्कळ दाढा बऱ्या होतात. नाहीच झाल्या तर मुळाचं टोक कापण्याची छोटी शस्त्रक्रिया असते. तुमचे जुने एक्सरे, उपचाराआधीचा आणि नंतरचा, त्या दवाखान्यातून मागून घ्या. शेजारी ठेवून बघितले की हाड भरत होतं की विरघळत होतं ते कळतं.

ऐरोलीकर, तुम्हीही शनिवारी दोन्ही एक्सरे मोबाइलवर घेऊन ठेवा आणि सहा महिन्यांनी एक नवा काढा. हाड भरून यायला वर्षभरही लागतं.